चित्राभोवतीचा मजकूर : आधीच ठरवून ठेवण्याची रीत
(सभासद शिक्षण – संगणक पाठ)



शेतकऱ्याच्या कागदात आता फोटो शिरला आहे. पूर्वी अर्ज म्हटला की एक कोरा कागद, वर तिकीट, खाली सही किंवा अंगठा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाचा फोटो आपणच आपल्या मोबाईलवर काढून नोंद करू लागलो. ऊस लोळला, फडाला आग लागली, ओढ्याचं पाणी शेतात शिरलं, की पहिल्यांदा फोटो निघतो. तो फोटो मग अर्जात घालायचा असतो. अर्ज संगणकावर टाईप होतो, कोणाच्या घरी मुलगा-मुलगी एमएस-सीआयटी झालेली असते ती करते, नाहीतर तालुक्याच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात होतो.

येथपर्यंत सर्व ठीक. पण फोटो कागदावर कोठे बसला, त्याच्या शेजारी कोणाची ओळ आली, हे बहुतेक वेळा कोणी पाहत नाही. आजचा पाठ त्याविषयी आहे. विषय दिसायला लहान आहे, पण एका शेताचा फोटो दुसऱ्याच्या गट नंबरासमोर गेला तर काय होईल, हे ज्याचं नुकसान झालेलं आहे त्याला सांगायला नको.

१. डीफॉल्ट म्हणजे काय?

आपल्याकडे पाहुणा आला आणि काही बोलला नाही, तर चहात साखर पडतेच. ज्याला बिनसाखरेचा पाहिजे त्याने आधी सांगावं लागतं. न सांगता जे घडतं त्याला संगणकाच्या भाषेत 'डीफॉल्ट' म्हणतात. आपण त्याला 'ठरलेली रीत' म्हणू.

लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे वर्ड किंवा लिब्रेऑफिस रायटरमध्ये, प्रत्येक गोष्टीची अशी ठरलेली रीत असते. अक्षराचा आकार केवढा, समास किती, दोन ओळींत अंतर किती. त्याचप्रमाणे चित्र आत घेतल्यावर मजकुराने त्याच्याशी कसं वागावं, याचीही रीत ठरलेली असते. ती आपल्याला बदलता येते. एकदा बदलली की दर चित्राला वेगळं सांगावं लागत नाही. वीस फोटो असतील तर वीस वेळचं काम वाचतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विसाच्या वीस फोटो एकाच शिस्तीत बसतात.

२. मजकूर चित्राशी कसा वागतो?

सरीत पाणी सोडलं आणि मध्ये धोंडा आला तर पाणी काय करतं? कधी दोन्ही बाजूंनी वळसा घालतं, कधी तुंबून पलीकडे जातं, कधी वरून वाहतं. मजकुराचंही तसंच आहे. वर्डमध्ये सात प्रकार दिलेले आहेत :

(अ) इन लाईन विथ टेक्स्ट – चित्र हे जणू ओळीतलंच एक मोठं अक्षर. आधीचा शब्द पुढे सरकला की चित्रही सरकतं. वर्ड नवीन बसवलं की हीच रीत असते.
(आ) स्क्वेअर – चित्राभोवती चौकोन धरून मजकूर त्याच्या बाजूने वाहतो.
(इ) टाइट – चित्राच्या आकाराला धरून मजकूर जवळून वाहतो.
(ई) थ्रू – टाइटसारखंच, पण चित्रातल्या मोकळ्या जागेतही मजकूर शिरू शकतो.
(उ) टॉप अँड बॉटम – मजकूर वर आणि खाली, बाजूला काही नाही.
(ऊ) बिहाइंड टेक्स्ट – चित्र मागे, अक्षरं त्याच्यावर.
(ए) इन फ्रंट ऑफ टेक्स्ट – चित्र पुढे, अक्षरं त्याच्याखाली झाकलेली.

पहिला प्रकार सोडून बाकीच्या सहांत चित्र 'सुटं' असतं. सुटं म्हणजे अगदी मोकाट नव्हे. बैलाला जशी खुंटी असते, तशी सुट्या चित्रालाही एक खुंटी असते. तिला 'अँकर' म्हणतात आणि ती कोणत्या तरी परिच्छेदात ठोकलेली असते. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की चित्रही त्याच्यामागे जातं. चित्र माऊसने ओढून दुसरीकडे नेलं की वर्ड ही खुंटी उपटून जवळच्या परिच्छेदात ठोकतं. ती कुठे ठोकली गेली ते आपल्या लक्षात येत नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापलं. शिळाछापात मजकूर हातानेच लिहिलेला, त्यामुळे लिहिणारा चित्राला हवा तसा वळसा घालू शकत असे. पुढे खिळ्यांची छपाई आली. तेव्हा फोटोचा जस्ताचा ब्लॉक करून लाकडावर ठोकायचा, आणि त्याच्या शेजारी कंपोझिटरने आखूड ओळी एकेक खिळा जुळवून बसवायच्या. ब्लॉकची रुंदी बदलली की शेजारच्या साऱ्या ओळी पुन्हा जुळवाव्या लागत. जे काम तो माणूस डोळ्याने पाहून करी, ते आता यंत्र न पाहता करतं. फरक एवढाच की कोणता फोटो कोणाचा हे कंपोझिटरला विचारता येत असे.

३. उदाहरण : मुरबाडच्या भाताचा अर्ज

आता एक उदाहरण घेऊ. मुद्दाम आपल्या उसाच्या पट्ट्याबाहेरचं घेतो, म्हणजे कोणाला आपल्यावर बोललं असं वाटणार नाही. ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे भाताचे तालुके. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यातली, पण शेतकऱ्याचं मुख्य पीक पावसावरचं भात. तिकडची रीत अशी की भात कापलं की ते दोन-चार दिवस खाचरातच वाळत ठेवायचं, मग भारे बांधून खळ्यावर आणायचं. नेमक्या त्या दिवसांत पाऊस आला की सगळं भिजतं आणि दाण्याला कोंब फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्यभर अवकाळी पाऊस झाला तेव्हा कोकणातल्या भाताचं असंच नुकसान झालं.

समजा, मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीतले चार शेतकरी मिळून एक अर्ज करीत आहेत. गट नंबर धरू ४१, ४२, ५७ आणि ६३. प्रत्येकाची एक ओळ लिहिली : गट नंबर, खातेदाराचं नाव, क्षेत्र, नुकसान. प्रत्येक ओळीशी एक फोटो. ज्या दुकानात अर्ज टाईप झाला त्या संगणकावर ठरलेली रीत 'स्क्वेअर' होती, कारण तिथे लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलकच जास्त होतात.

आता काय होतं पाहा. एका शेतकऱ्याचा मजकूर एक ओळीचा आणि फोटो दहा ओळींइतका उंच. फोटो ४१ च्या ओळीपाशी सुरू झाला, पण त्याच्या शेजारी मोकळी जागा दिसताच ४२, ५७ आणि ६३ च्या ओळीही तिथेच येऊन बसल्या. चारी नावं एकाच फोटोला टेकली. राहिलेले तीन फोटो जागा मिळेल तसे खाली सरकले. टाईप करणाऱ्याने ते माऊसने ओढून नीट दिसतील असे मांडले. पान छान दिसलं. मग कोणीतरी म्हणालं, वरती पावसाची तारीख राहिली. दोन ओळी वर घातल्या गेल्या. खुंट्या हलल्या, एक फोटो दुसऱ्या पानावर गेला, आणि ५७ चा फोटो ६३ च्या नावासमोर येऊन थांबला.

कागद वाचणाऱ्या माणसाने यातलं काही पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर ६३ नंबरच्या नावापुढे उभं, न भिजलेलं भात दिसतं, आणि ५७ च्या पुढे काहीच नाही. त्याने काय समजावं? यात कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी लबाडी केलेली नाही. तरीही दोघांचा अर्ज लंगडा झाला.

आपल्याकडे भाताच्या जागी ऊस घाला. जळीत उसाचा अर्ज, लोळलेल्या उसाची तोड लवकर मिळावी म्हणून गट कार्यालयाला दिलेलं पत्र, ठिबकच्या कामाचे आधीचे व नंतरचे फोटो – सगळीकडे हेच होऊ शकतं. 'आधी'चा फोटो 'नंतर'च्या ओळीसमोर गेला तर काम झालंच नाही असा अर्थ निघतो.

४. वर्डमध्ये रीत कशी ठरवावी?

पायऱ्या अशा :

(१) वर डाव्या कोपऱ्यात 'फाईल' दाबा.
(२) खाली 'ऑप्शन्स' दिसेल, ते उघडा.
(३) डाव्या यादीत 'ॲडव्हान्स्ड' निवडा.
(४) खाली सरकत 'कट, कॉपी अँड पेस्ट' या मथळ्याशी या.
(५) तिथे 'इन्सर्ट/पेस्ट पिक्चर्स ॲज' असं लिहिलेलं असतं. त्यापुढच्या खिडकीत वर सांगितलेले सात प्रकार आहेत. हवा तो निवडा.
(६) 'ओके' दाबा.

दुसरी एक सोपी वाटही आहे. एक चित्र घ्या, त्याला हवा तो प्रकार द्या. चित्र निवडलेलं असताना 'पिक्चर फॉरमॅट'मधल्या 'रॅप टेक्स्ट'ची यादी उघडा. यादीच्या तळाशी 'सेट ॲज डीफॉल्ट लेआउट' असतं, ते दाबा. पुढची चित्रं त्याच रीतीने येतील.

तीन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, ही रीत पुढे येणाऱ्या चित्रांना लागू होते, आधी बसलेली चित्रं आहेत तशीच राहतात, ती एकेक करून बदलावी लागतात. दोन, ही रीत त्या संगणकावरच्या वर्डची आहे, तुमच्या फाईलची नव्हे. घरी ठरवलेलं दुकानात चालत नाही. म्हणून दुकानात बसल्यावर पहिला फोटो आत घेताच तो कसा बसला ते बघा. तीन, दुकानातल्या संगणकावर तुम्ही काही बदललंत तर जाताना पूर्ववत करा. उसने घेतलेले अवजार जसे परत करतो, तसे.

५. लिब्रेऑफिसमध्ये रीत कशी ठरवावी?

लिब्रेऑफिस हा मोफत मिळणारा प्रोग्राम २०१० पासून आहे. त्यात रीत ठरवण्याची पद्धत वेगळी, आणि एका दृष्टीने जास्त पद्धतशीर. इथे रीत 'स्टाईल'मध्ये साठवलेली असते.

(१) एफ-११ ही कळ दाबा. बाजूला 'स्टाईल्स'ची पट्टी उघडते.
(२) पट्टीच्या वरच्या चित्रखुणांतून 'फ्रेम स्टाईल्स' निवडा.
(३) यादीत 'ग्राफिक्स' असेल. त्यावर उजवी कळ दाबून 'एडिट स्टाईल' घ्या. जुन्या आवृत्तीत 'मॉडिफाय' असं लिहिलेलं असतं.
(४) 'रॅप'च्या पानावर जा आणि प्रकार निवडा. 'नन' म्हणजे बाजूला मजकूर नाही. 'पॅरलल' म्हणजे दोन्ही बाजूंनी. 'ऑप्टिमल' म्हणजे यंत्रच जागा पाहून ठरवतं, चित्र आणि समास यांच्यामधली जागा २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तिथे मजकूर घालत नाही.
(५) त्याच पानावर चित्र आणि मजकूर यांच्यामधलं अंतर देता येतं. ते शून्य ठेवू नका, नाहीतर अक्षरं फोटोला चिकटतात.
(६) 'ओके' दाबा.

एवढं केलं तर रीत त्या एका फाईलपुरती लागू होते. दर नव्या फाईलला लागू व्हावी असं वाटत असेल तर 'फाईल'मधल्या 'टेम्प्लेट्स'मधून 'सेव्ह ॲज टेम्प्लेट' घ्या, नाव द्या आणि 'सेट ॲज डीफॉल्ट टेम्प्लेट'समोर खूण करून साठवा. हे बियाणं राखून ठेवण्यासारखं आहे : पुढची प्रत्येक लागण त्याच बेण्याची.

वर्डमध्ये जे 'इन लाईन', त्याला इथे 'ॲज कॅरेक्टर' म्हणतात. नव्या आवृत्तीत 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लिब्रेऑफिस रायटर', 'फॉरमॅटिंग एड्स' या वाटेने गेलं की 'इमेज'खाली 'अँकर' ठरवता येतो. तिथे 'ॲज कॅरेक्टर' निवडलं की नवी चित्रं ओळीतच बसतात, मग वळशाचा प्रश्नच उरत नाही.

६. कोणत्या कागदाला कोणती रीत?

सगळ्या जमिनीला एकच पीक चालत नाही, तसं हेही आहे.

अर्ज, तक्रार, पंचनाम्यासोबतचे फोटो, कामाचा अहवाल : इथे 'इन लाईन'च ठेवा. दिसायला ते साधं दिसेल, पण फोटो आपल्या ओळीला सोडून जात नाही. शक्य असेल तर तीन रकान्यांचा तक्ता करा. पहिल्या रकान्यात गट नंबर आणि खातेदाराचं नाव, दुसऱ्यात फोटो, तिसऱ्यात फोटोची तारीख आणि कोणत्या बांधावरून काढला ते. तक्त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रो'च्या पानावर 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस' असं एक वाक्य असतं, त्यावरची खूण काढा. मग एका शेतकऱ्याची आडवी ओळ दोन पानांत तुटत नाही. 'टेबल'च्या पानावरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स'वरचीही खूण काढा, म्हणजे मोठा फोटो आला तरी रकाना फुगत नाही.

सहलीचं वृत्त, स्मरणिका, माहितीपत्रक : इथे 'स्क्वेअर' शोभतं. पुन्हा त्याच भागाचं उदाहरण घेतो. समजा, एखाद्या गटाची अभ्यास सहल शहापूर-मुरबाडकडे गेली. माहुलीचा किल्ला पाहिला, जिथे १६३६ साली शहाजीराजांना शरण जावं लागलं. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाऊन नाणेघाट चढले, सातवाहनांच्या काळातली ती व्यापाराची वाट आणि वरचा दगडी रांजण पाहिला. पौष पौर्णिमेच्या सुमारास गेले असतील तर म्हशाची यात्रा आणि तिथला बैलबाजारही झाला. अशा वृत्तात प्रत्येक ठिकाणावर दहा-पंधरा ओळींचा मजकूर असतो, फोटो एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला छान बसतो. शिवाय माहुलीचा फोटो दोन ओळी खाली सरकला तर कोणाचं नुकसान होत नाही. गट ५७ चा सरकला तर होतं. रीत निवडताना हाच प्रश्न स्वतःला विचारावा.

बिहाइंड आणि इन फ्रंट : ही रीत कधीही कायमची ठरवू नका. पत्राच्या मथळ्यामागे एखादं फिकट चिन्ह ठेवायचं असेल तर तेवढ्या एकाच चित्राला ती द्यावी. 'इन फ्रंट' ठेवलेला फोटो खालच्या ओळी झाकतो, आणि झाकलेली ओळ रकमेची किंवा नावाचीही असू शकते.

७. नेहमी येणारे प्रश्न

प्रश्न : 'इन लाईन' ठेवलं तर फोटोची फक्त एक पट्टी दिसते. असं का?
उत्तर : ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' असं बांधून दिलेलं असतं, म्हणून फोटोला तेवढीच उंची मिळते. परिच्छेदाच्या अंतरात 'सिंगल' निवडा, फोटो पूर्ण दिसेल.

प्रश्न : फोटोखालचं नाव पुढच्या पानावर जातं, फोटो मागे राहतो. काय करावं?
उत्तर : फोटो ओळीत असेल तर त्याच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' द्या, म्हणजे दोघं बरोबर राहतात. सुट्या फोटोला नाव दिलं तर ते वेगळ्या चौकटीत बसतं आणि दोघं दोन दिशांना जाऊ शकतात. अर्जात फोटो सुटा नको, याचं हेही एक कारण आहे.

प्रश्न : खुंटी कुठे ठोकली आहे ते पाहता येतं का?
उत्तर : येतं. वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'डिस्प्ले'च्या पानावर 'ऑब्जेक्ट अँकर्स'वर खूण करा. सुट्या चित्राच्या परिच्छेदापाशी नांगराची खूण दिसू लागते. हा बोटीचा नांगर, शेतातला नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे नीट दिसतं, पण पलीकडच्या कार्यालयात उघडल्यावर सगळं विस्कटतं.
उत्तर : पाठवण्यापूर्वी फाईल पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये पान छापल्यासारखं गोठतं, चित्र हलत नाही. मूळ फाईल दुरुस्तीसाठी आपल्याजवळ ठेवा.

८. अर्ज देण्यापूर्वी

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पुढच्या चार गोष्टी मात्र करा.

• टाईप करणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा : "फोटो इन लाईन ठेवा, तक्त्यात घाला."
• शक्य असेल तर गट नंबर आणि तारीख एका पाटीवर खडूने लिहून ती फोटोतच येऊ द्या. मग फोटो कुठेही सरकला तरी तो कोणाचा हे त्याच्यावरच लिहिलेलं राहतं.
• छापलेला कागद हातात आल्यावर बोट ठेवून वाचा : नाव, गट नंबर, फोटो. प्रत्येकाचं जुळतं का? ज्याला वाचता येत नाही त्याला त्याचा फोटो दाखवून विचारा, "हे तुमचंच ना?" आपलं शेत माणूस फोटोत लगेच ओळखतो.
• वरती एक ओळ जरी नव्याने घातली तरी शेवटपर्यंत सगळी पानं पुन्हा बघा, आणि मगच सही करा.

स्वाध्याय : घरातल्या मुला-मुलींनी चार फोटो आणि चार ओळींचा एक कागद दोनदा करून पाहावा, एकदा 'स्क्वेअर' रीतीने आणि एकदा 'इन लाईन' रीतीने. मग दोन्ही कागदांत सगळ्यात वर तीन ओळी घालाव्यात. कोणत्या कागदातले फोटो आपापल्या ओळीशी राहिले ते वडीलधाऱ्यांना दाखवावे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि एकदा डोळ्याने पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.